शाल, श्रीफळ आणि हुर्यो

कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट चिरडतात आणि त्याचा कडू थेंब जिभेला लावतात. गोडधोड त्यानंतर. दिवाळीच्या अंकात मी तेच काम पत्करले आहे. वाचकांनी एवढा थेंब जिभेला लावून घ्यावा, मग खुशाल अनारशांकडे वळावे.

माझी तक्रार रसिकांविरुद्ध आहे. लाडका निवेदक निवृत्त झाला म्हणजे जे रडतात, गहिवरतात, 'असा आवाज पुन्हा होणे नाही' म्हणून मान हलवतात, त्या रसिकांविरुद्ध. आणि आधीच सांगून टाकतो, त्या रसिकांत मीही होतो. किंबहुना सर्वांत मोठ्याने मीच रडलो.

आमचे सिंदेवाही हे चंद्रपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा लोहमार्ग इथून जातो, धानावर संशोधन करणारे एक केंद्र आहे, राइस मिली आहेत, चहूकडे धानाच्या बांध्या आहेत आणि बांध्यांच्या पलीकडे ताडोबाला जाऊन मिळणारे जंगल आहे. दिवाळी सरली, धान कापून झाला, की या मुलखाला उत्साहाचे भरते येते. मंडया भरतात, झाडीपट्टीच्या नाटकांचे मांडव उभे राहतात आणि मैदानांवर कबड्डीसाठी चुन्याच्या रेषा पडतात.

आमच्याकडच्या या कबड्डीचे धावते वर्णन तीस-एक वर्षे एकाच माणसाने केले. ते शाळेत शिक्षक होते. सारा गाव त्यांना नुसते 'गुरुजी' म्हणतो, मीही तेवढेच म्हणेन. तरुणपणी रेडिओला कान लावून त्यांनी बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे मराठी वर्णन ऐकले होते. ती घोटीव, ऐटदार, पुणेरी वळणाची मराठी त्यांनी आमच्या मातीच्या मैदानावर आणून सोडली. 'चढाईपटूने निदान रेषा ओलांडली आहे, आणि आता त्याचे लक्ष डाव्या कोपऱ्याकडे लागले आहे' असे ते म्हणत, तेव्हा चणे-फुटाणे विकणारासुद्धा हात थांबवून ऐके.

तीन वर्षांपूर्वी गुरुजींनी माइक खाली ठेवला. कबड्डीत दम संपला की आपल्या अंगणात परतावे लागते, एवढेच त्यांनी कारण दिले. मग गावाने रीतसर निरोप दिला. शाल झाली, श्रीफळ झाले, सात भाषणे झाली. सातही वक्त्यांनी सांगितले की आता कबड्डी पाहण्यात राम उरला नाही. सातवा वक्ता मी होतो. माझे भाषण सर्वांत लांब झाले आणि बोलता बोलता मला हुंदकाही आला. शेवटी गुरुजी उठले. त्यांनी कोपऱ्यात वायर गुंडाळत बसलेल्या एका पोराकडे बोट दाखवून काहीतरी सांगितले. पण टाळ्यांचा कडकडाट आणि बँडवाल्यांची घाई यांत ते कोणालाच ऐकू आले नाही. पुढे कळले, ते म्हणाले होते, 'पुढल्या वर्षी हा बोलेल.'

पुढल्या वर्षी तो बोलला. वय वीस-बावीस, राइस मिलच्या काट्यावर धानाच्या पोत्यांची वजने लिहून घेणारा पोरगा. पहिल्या सामन्यात त्याने गुरुजींसारखे बोलून पाहिले. 'निदान रेषा' म्हणताना त्याची जीभ अडखळली आणि मागच्या बाकांवरून पहिला हुंकार आला. दुसऱ्या सामन्यात खेळ रंगला, तसा तो गुरुजींना विसरला. एक आडदांड चढाईपटू पकडीत सापडून मध्यरेषेकडे हात लांबवीत होता, तेव्हा या पोराच्या तोंडून एकदम निघून गेले, "रुतला न जी, बांधीत रुतला! आता कोन काहाडते याले?"

मैदान खदखदून हसले. पण ते हसणे खेळाला दिलेली दाद नव्हती. ते त्या पोराच्या बोलीला हसणे होते. मग हुर्यो सुरू झाली. "माइक ठेव बे!" "गुरुजीले बोलवा!" ज्या सात वक्त्यांनी गुरुजींसाठी डोळे पुसले होते, त्यांपैकी चौघांना मी ओरडताना माझ्या डोळ्यांनी पाहिले. मी ओरडलो नाही. मी नुसता हसलो, आणि शेजाऱ्याच्या कानात म्हणालो, "कुठे गुरुजी आणि कुठे हा!" तिसऱ्या सामन्यानंतर पोराने माइक टेबलावर ठेवला आणि तो सायकल काढून निघून गेला. त्यानंतर दोन वर्षे आमच्या भोंग्यावर चढाई आणि पकड यांच्या जागी सिनेमाची गाणी वाजत आहेत. मधूनमधून कोणीतरी गुणांचा आकडा वाचून दाखवतो.

'मग काय बिघडले?' असे कोणी विचारील. 'खेळ तर डोळ्यांसमोर आहे. दिसते ते सांगायचे कशाला?'

काय बिघडले ते माझ्या घराच्या ओसरीवर बसून पाहावे लागेल. माझ्या थोरल्या भावाची दृष्टी काचबिंदूने गेली आहे. घर मैदानापासून फार लांब नाही. गुरुजींच्या काळात तो संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकून बसे, आणि रात्री दहाला भोंगा बंद होईपर्यंत त्याचा सामना चाले. मैदानाच्या अंगच्या दोन-तीन वस्त्यांचीही तीच गोष्ट. आमच्या भागात वाघ ही गोष्टीतली वस्तू नाही; अंधार पडल्यावर तिथली बायकामाणसे, म्हातारीकोतारी घराबाहेर पडत नाहीत. भोंग्याचा आवाज तेवढा वाऱ्याबरोबर त्यांच्या अंगणात जातो. मैदानातल्या हजार जणांना निवेदकाची गरज नसेल. तो ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतो.

ही काही माझी नवी कल्पना नव्हे. २२ जानेवारी १९२७ रोजी बीबीसीने आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड हा सामना ऐकवला आणि फुटबॉलच्या धावत्या वर्णनाला आरंभ झाला. त्यासाठी 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकात मैदानाचे चौकोन पाडून, त्यांना क्रमांक देऊन, नकाशा छापला होता. कॅप्टन वेकलॅम खेळ सांगत आणि शेजारचा माणूस चेंडू कोणत्या चौकोनात आहे त्याचा आकडा पुकारी. घरी बसलेल्या श्रोत्याने नकाशावर बोट फिरवायचे. या धंद्याचा पायाच मुळी न पाहणाऱ्या माणसासाठी घातला गेला. आपण रसिकांनी मात्र त्या आवाजाचे देवघर केले आणि जो ओसरीवर बसून ऐकत होता त्याला विसरलो.

थोर निवेदक स्वतः तसे करीत नाहीत. जॉन आर्लट हा इंग्रज निवेदक १९८० साली लॉर्ड्सवर कसोटी सामन्याचे शेवटचे वर्णन करून उठला. मैदान उभे राहिले, फलंदाजी करीत असलेल्या बॉयकॉटने हातमोजा काढून टाळ्या वाजवल्या. आणि आर्लटचे शेवटचे शब्द काय होते? निरोपाचे काव्य नव्हते. षटक संपले, धावफलक सांगितला, आणि ट्रेव्हर बेलींच्या नंतर ख्रिस्तोफर मार्टिन-जेंकिन्स बोलतील एवढे सांगून तो गप्प झाला. पुढच्या माणसाचे नाव हा त्याचा निरोप. रिची बेनॉ याची कथा अशीच. २००५ च्या सप्टेंबरात ओव्हल मैदानावर तो इंग्लंडच्या प्रेक्षकांचा निरोप घेत असताना मॅग्राने पीटरसनचा त्रिफळा उडवला. बेनॉने बोलणे तिथेच तोडले, आधी तो बळी सांगितला, आणि मग उरलेला निरोप पुरा केला. आमच्या गुरुजींनीही तेच केले होते. आपणच बँड वाजवला.

सगळेच थोर असे वागले, असे मात्र मी म्हणत नाही. मुंबईत पंचरंगी सामन्यांच्या काळात बॉबी तल्यारखान दिवसभर एकटे बोलत. लोक त्या आवाजावर जीव टाकीत. आकाशवाणीने जोडीला आणखी निवेदक बसवायचे ठरवताच त्यांनी काम सोडले. गुणी माणसाचा तो हट्ट होता आणि गुणी माणसाला एक वेळ तो शोभेल. पण तल्यारखानांचे गुण अंगी नसताना त्यांचा हट्ट तेवढा आपण रसिकांनी का उचलावा?

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. पोराची हुर्यो तो अडखळला म्हणून झाली नाही. अडखळणे आपण सोसतो. ती झाली, कारण तो आपल्यासारखा बोलला.

इंग्लंडच्या फुटबॉलचे मार्टिन टायलर यांनी २०२३ साली, तेहतीस वर्षांनी, स्काय वाहिनी सोडली, तेव्हा आमच्या गावातल्या रात्र जागून फुटबॉल पाहणाऱ्या पोरांनी उसासे टाकले. त्या जागी पीटर ड्रुरी आले आणि महिन्याभरात त्याच पोरांना तो आवाज गोड लागू लागला. त्याच २०२३ साली आयपीएलचे सामने मोबाइलवर अनेक देशी भाषांतून ऐकू येऊ लागले. त्यांतले भोजपुरी वर्णन आमच्या चहाच्या टपरीवर लोकांनी पुन्हा पुन्हा लावले. 'काय मातीचा वास आहे बुवा त्या बोलीला!' असे मीच म्हणालो होतो. भोजपुरीला मातीचा वास येतो, आणि झाडीबोलीला? तिचे फक्त हसू येते. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही फटाके वाजवण्याच्या गोष्टी केल्या. परंतु त्या रंगभूमीबाहेर, माइकवर, गंभीर कामासाठी, आपली बोली कोणी वापरली की आपल्यालाच लाज वाटते. तिला आपण विनोदासाठी राखून ठेवले आहे.

कोणी म्हणेल, 'भाषेची काही पातळी नको का?' हवी ना. पण पातळी येते कुठून? पंडितांच्या पिढीपुढे कोणती तयार मराठी होती? खेळ परका, त्याचे शब्द परके. मैदानावर, वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर बोलता-लिहिता चौकार, षटकार, पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिरक्षक हे शब्द रुळले, आणि आज ते आपल्याला जन्मजात वाटतात. पंडित खेळ सांगत राहिले. 'महाराष्ट्र टाइम्स'च्या वि. वि. करमरकरांनी खेळाला मराठी वर्तमानपत्रात मानाची जागा दिली आणि माइकवरही मराठी नेली. तिकडे कलकत्त्यात अजय बसू, पुष्पेन सरकार यांनी फुटबॉल बंगालीत सांगून घरोघर पोचवला. यांतला कोणीही पहिल्या दिवशी तयार होऊन बसला नव्हता. पंडित २०१५ साली गेले, करमरकर २०२३ साली. दोन्ही वेळा 'ते दिवस गेले' म्हणून आपण हळहळलो. त्यांच्यामागे माइकवर कोण बसले आहे, हे विचारायला आपल्यापैकी किती जण उठले?

आणि पातळीचेच म्हणाल, तर त्या रात्रीची एक गोष्ट सांगतो. सामने आटोपून मी घरी आलो आणि मोठ्या रुबाबात भावाला म्हणालो, "ऐकलंस ना दादा, काय तमाशा झाला तो?"

तो म्हणाला, "पोरगा बरा होता रे. का उठवलात त्याला?"

"बरा? 'बांधीत रुतला' म्हणत होता!"

"हो. मग तेवढंच मला दिसलं." जरा थांबून तो म्हणाला, "गुरुजी सांगत तेव्हा फार छान वाटे. पण निदान रेषा कुठे असते हे मला अजून माहीत नाही. बांधीत रुतलेला बैल मी जन्मभर पाहिला आहे."

यावर मला उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही. गुरुजींचा मोठेपणा यात कमी होत नाही. उलट, वायर गुंडाळणाऱ्या त्या पोराकडे बोट दाखवताना त्यांना जे ऐकू येत होते ते आमच्यातल्या एकालाही ऐकू आले नव्हते, एवढेच सिद्ध होते.

निवृत्त होणे हा माणसाचा हक्क आहे. त्याच्या आवाजावर प्रेम करणे हा आपला हक्क आहे. परंतु ते प्रेम दगडासारखे हातात घेऊन पुढच्या माणसावर फेकण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? ज्याला गुरुजी खरोखर आवडत होते, त्याने गुरुजींनी निवडलेल्या पोराला निदान पाच सामने बोलू द्यायला हवे होते. तीनदेखील आपण धड दिले नाहीत. शाल आणि श्रीफळ यांना मिळून जेवढा खर्च आला, त्यापेक्षा हे स्वस्त होते.

यंदा सामने मंडईनंतर आहेत. गेल्या महिन्यात मी राइस मिलवर जाऊन त्या पोराला भेटलो. माफी मागायला शब्द जुळेनात, म्हणून आधी धानाचा भाव विचारला. मग मुद्द्यावर आलो. तो पोत्यांचे आकडे लिहीत राहिला आणि वर न पाहता म्हणाला, "तुमी बी हसले होते न जी, बाबूजी."

मी हो म्हणालो.

"पाहू," तो म्हणाला.

तो येईल की नाही, मला माहीत नाही. आला तर मी पुढच्या रांगेत बसणार आहे, आणि मागून कोणी हुंकार दिला तर वळून त्याच्याकडे पाहणार आहे. दादाने ओसरीवरची खुर्ची दोन वर्षांनी धुऊन ठेवायला सांगितली आहे.