चेहरा बदलतो, जात बदलत नाही

नालासोपारा-विरारच्या चाळींतली आपली पोरं आता एआयवर चित्रकथा बनवतात. एक नायिका घ्यायची, तिला लोकलमध्ये, नाक्यावर, मोर्च्यात दाखवायची. आणि पोरं वैतागतात. पहिल्या चित्रातली बाई दुसऱ्यात ओळखू येत नाही. नाक बदलतं, वय बदलतं, काळीसावळी बाई मधेच गोरी होऊन बसते.

यात जादूटोणा नाही. हे यंत्र नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरू होतं आणि शब्दांच्या आधाराने, अंदाजाने, चित्रापर्यंत येतं. गोंधळ दर वेळी नवा, म्हणून चेहरा नवा. मग युक्त्या निघाल्या. वर्णनाचे शब्द तेच ठेवायचे. सुरुवातीच्या गोंधळाचा आकडा, ज्याला सीड म्हणतात, तोच ठेवायचा. पहिलं चित्र नमुना म्हणून सोबत द्यायचं. मिडजर्नीने ही सोय मार्च २०२४ मध्ये दिली. नाहीतर एकाच माणसाचे १५-२० फोटो देऊन यंत्राला तो चेहरा शिकवायचा. अशा शिकवणीची एक स्वस्त पद्धत म्हणजे लोरा.

युक्त्या शिका. जरूर शिका. पण ज्या यंत्राला बाईचं नाक दोन चित्रांत सारखं ठेवता येत नाही, त्याला जात मात्र बरोब्बर सारखी ठेवता येते, हेही बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकाने ओपनएआयच्या ‘सोरा’ची तपासणी छापली. ब्राह्मणाचं काम दाखव म्हटलं की गोरा, पांढऱ्या वस्त्रातला पुरोहित. दलिताचं काम म्हटलं की काळा माणूस, मळके कपडे, हातात झाडू, नाहीतर गटारात उतरलेला. दलिताचं वागणं म्हटलं तर काही चित्रांत चक्क कुत्रा आणि मांजर! च्यायला, सीड नाही, लोरा नाही, तरी काय हे सातत्य! मनूला निदान लिहून ठेवावं लागलं होतं. इथे तेवढेही कष्ट नाहीत.

हे आलं कुठून? यंत्र आभाळातून पडलेलं नाही. इंटरनेटवरची अब्जावधी चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी चारून ते वाढवलं. कॅमेरा ज्यांच्या हातात होता त्यांनी आपल्याला झाडूसकट टिपलं आणि खाली जात लिहिली. वकील झालेली, इंजिनियर झालेली, कविता लिहिणारी आपली माणसं त्या ढिगात जातीच्या नावाने कुठे सापडणार?

पात्र सारखं ठेवायची विद्या आपल्याला नवी नाही. आपल्या सोपाऱ्यातच बघा. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. राजा, आणि तोही बुरूड! आत करंडकाभोवती ब्राँझच्या आठ मूर्ती निघाल्या. सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. आज त्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. मुद्रा वेगवेगळ्या, तरी बुद्ध ओळखायला कुणाला पाटी लागत नाही.

आणि बाबासाहेब? १९६७ मध्ये संसदेच्या आवारात बी. व्ही. वाघ यांनी घडवलेला पुतळा उभा राहिला. वस्त्यावस्त्यांत लोकांनी वर्गणी काढून सिमेंटचे बाबासाहेब उभे केले. कुठे नाक चुकलं, कुठे उंची चुकली. पण कोट, चष्मा, हातातलं पुस्तक, उगारलेलं बोट चुकलं नाही. माणूस कशासाठी उभा आहे हे घडवणाऱ्याला ठाऊक होतं. यंत्राला ते ठाऊक नाही. ते आपणच सांगायचं.

तेव्हा कामाला लागा. नायिकेचा नमुना इंटरनेटवरून उचलू नका. आपल्या आया, मावश्या, आज्यांचे फोटो घ्या, पण विचारून. फोटो कंपनीकडे जाणार, हे तिला आधी सांगा. नाही म्हणाली तर नाही. जमलं तर स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालणारं यंत्र वापरा. रंग उजळला की चित्र फेका, पुन्हा काढा.

आणि बाबासाहेबांचे खोटे फोटो बनवू नका. चित्र काढा, पण चित्र म्हणून सांगा. १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे खरे फोटो आपला पुरावा आहेत. आपणच बनावट फोटोंची रास घातली, तर उद्या आपले वैरी खऱ्यालाही बनावट म्हणतील, आणि आपल्याकडे उत्तर नसेल.

यंत्राने हातात दिलेला झाडू काढून टाका. त्या हातात काय द्यायचं, ते त्या बाईलाच विचारा.