साडेचार तास मागे

रात्रभर गिझर चालू ठेवल्याचा गुन्हा माझ्या नावावर तिसऱ्यांदा लागला, तेव्हा सौभाग्यवतींनी शिक्षा सुनावली : पुढच्या वेळी गार पाण्याने. बुलढाण्यात, जानेवारीत! घाटाखालचे वाचक हसतील. हसू द्या, हेच लोक राजूरचा घाट चढून आले की आमच्या ओसरीवर चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसतात. आणि मी दसऱ्यालाच स्वेटर काढणारा माणूस, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

म्हणून टायमर घ्यायचं ठरलं. आमचा गिझर १५ लिटरचा, २००० वॉटचा. पाणी २५ अंशांनी तापवायला त्याला तेरा-चौदा मिनिटं पुरतात. बाकीची रात्र तो निवलेलं पाणी पुन्हा पुन्हा तापवत बसतो. दुकानात तीन प्रकार निघाले. एक चकतीचा : कडेला ९६ खुंट्या, एकेक पंधरा मिनिटांची, जेवढा वेळ गिझर हवा तेवढ्या दाबायच्या. दुसरा आकड्यांचा, आत बॅटरी, वारागणिक वेगळी वेळ. तिसरा वायफायचा, मोबाइलवर चालणारा. तो लगेच बाद, कारण पहाटे मोबाइल शोधायला मला चष्मा लागतो आणि चष्मा शोधायला मोबाइलचा टॉर्च.

मुलगी लीड्सला असते. तिकडे घर तापवायची वेळ आणि नळाचं पाणी तापवायची वेळ भिंतीवरच्या एकाच डबीत लावून ठेवतात. (घर तापवायचं! मे महिन्यात खामगावला या म्हणावं, फुकट तापवून देतात.) ती फोनवर म्हणाली, "बाबा, आत बॅटरी आहे ना ते बघून घ्या." बॅटरीवाला साडेतीनशे रुपयांनी महाग होता. मी चकतीचा घेतला.

बसवणाऱ्या पोराने सांगितलंही होतं, "काका, याचं घड्याळ लाईनवर चालते बरं. लाईन गेली का उभं राह्यते." मी 'चालते' एवढंच ऐकलं.

पहाटे पाच ते साडेपाचच्या दोन खुंट्या दाबल्या. दोन दिवस राजासारखी आंघोळ झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊण तास लाईन गेली आणि दुसऱ्या दिवशी गिझर पावणेसहाला लागला. मग एकदा दोन तास गेली, एकदा अर्धा तास, अशी जातच राहिली. लाईन गेली की चकती जागीच थांबते आणि आली की जिथे थांबली होती तिथूनच निवांत पुढे निघते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती साडेचार तास मागे होती. मी पहाटे गार पाण्याने कुडकुडत 'हर हर गंगे' म्हणायचो आणि साडेनऊला, भांडी घासायच्या वेळी, नळाला वाफाळतं पाणी यायचं. सौभाग्यवती खूश. तेलकट कढई अशी निघाली नव्हती म्हणाल्या. बरं, २०२५ च्या जुलैपासून स्मार्ट मीटरवाल्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या विजेवर सवलत जाहीर झाली आहे. म्हणजे माझा टायमर आपणहून स्वस्ताईच्या वेळेत सरकला होता. आमच्याकडे अजून जुनाच मीटर आहे, ही गोष्ट त्याला कोण सांगणार?

हे ऐकून चिखलीकडचा चुलतभाऊ पोट धरून हसला. त्याच्या विहिरीवरच्या पंपाला 'ऑटो' आहे. रात्रीच्या पाळीला लाईन केव्हाही येवो, पंप आपला आपण सुरू होतो, हा घरात पांघरुणात. "दादा, लाईन आली का चालू व्हायचं, एवढंच त्याले समजते. त्याले घड्याळ कायले पाह्यजे?" शिकलेल्या माणसाने यावर काय बोलायचं?

चकती हाताने फिरवून पुन्हा बरोबर वेळेवर आणायला दहा सेकंद लागतात. मीही त्याच हेतूने स्टुलावर चढलो होतो. पण हात लावणार तोच डोक्यात उजेड पडला : टायमर साडेचार तास मागे आहे, म्हणजे दोन आठवड्यांत आमच्या गल्लीत लाईन नेमकी साडेचार तास गेली! गप्पांतले 'दिवसभर नव्हती हो' वगैरे नव्हे. पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्यांनी मोजलेलं. मी तसाच खाली उतरलो आणि एक वही घातली.

तेव्हापासून रोज सकाळी मनगटावरचं घड्याळ आणि चकती ताडून आकडा लिहितो. शेजारचे नाना फिरून येताना फाटकातूनच विचारतात, "आज किती मागे?" पंधरा मिनिटांचीच भर पडली असेल तर त्यांचा चेहरा उतरतो. पलीकडच्या वहिनी इन्व्हर्टर घ्यावा की नाही ते वही बघून ठरवणार आहेत. परवा एकाने पुढच्या आठवड्यात लग्न आहे, लाईनचं कसं राहील, असं विचारलं. मी म्हटलं, त्यासाठी भेंडवळला जा, पण तिथेही भाकिताची घटमांडणी अक्षय्य तृतीयेलाच होते. तो गेला नाही, चकतीकडेच बघत उभा राहिला.

या आठवड्यात टायमर सहा तास दहा मिनिटं मागे आहे. खुंट्यांच्या हिशेबात दहा मिनिटं बसत नाहीत, म्हणून नाना आणि मी त्यावर वाद घालत होतो. त्यांच्या मते सव्वासहा. भिंग आणायचं ठरत होतं, तेवढ्यात न्हाणीतून आवाज आला, "अहो, गंजातलं पाणी बादलीत ओतलंय. विसण घालू नका, आधीच निवलंय."

म्हटलं, आलो, नाना आहेत.

"मग त्यांनाच घालू का आंघोळ?"