ओझे वाहणाऱ्यांच्या लेकरांनी लोखंड का उचलावे?

अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावातही आता जिम झाल्या आहेत आणि त्यात आपल्या वस्तीतली पोरे मोठ्या संख्येने जातात. चळवळीतल्या जाणत्या मंडळींना हे खटकते. पोरे अभ्यासिका सोडून दंड फुगवत बसली, ही तक्रार आम्ही अनेकदा ऐकतो. तक्रारीमागची तळमळ आम्हाला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. पुस्तक की लोखंड, असा प्रश्नच चुकीचा आहे.

मुळात वजन उचलणे आपल्याला नवीन नाही. मोंढ्यातली पोती कोणाच्या पाठीवर गेली? विहिरीचा दगड कोणी फोडला? आजही मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारा मजूर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो. ते सगळे वजन उचलले आपल्या माणसांनी, हिशेब मात्र मालकाच्या वहीत लागला. गुडघे आपले गेले. पॉवरलिफ्टिंगमध्ये उचललेला प्रत्येक किलो उचलणाऱ्याच्या नावावर लिहिला जातो. हा फरक लहान नाही.

ताकद रक्तात असते, ठरावीक जातींतच असते, हे खोटे आपल्याला फार महागात पडले आहे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेल्या महार सैनिकांच्या वारसांची लष्करातली भरती १८९२ च्या सुमारास ‘लढाऊ जमात नाही’ म्हणून बंद केली गेली. गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज लिहावे लागले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. मधल्या काळात शरीरे बदलली नव्हती, शिक्का बदलला होता. जोतीराव फुले पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा शिकले. बाबासाहेबांनी १९२७ साली समता सैनिक दल उभे केले. ज्ञान आणि कसलेले शरीर या दोन गोष्टी आपल्या महापुरुषांनी कधी एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्या नाहीत. आपण का कराव्यात?

आता खेळाकडे पाहू. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार: स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट. प्रत्येकात तीन संधी. तिन्हीतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज म्हणजे निकाल. समोर तीन पंच, त्यातल्या दोघांचे पांढरे दिवे लागले तरच उचल ग्राह्य. स्क्वॉटमध्ये मांडी पुरेशी खाली गेली नाही तर लाल दिवा, मग उचलणारा पाटलाचा असो की वेठबिगाराचा. एका प्रकारातल्या तिन्ही संधी हुकल्या तर बेरीजच होत नाही.

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. पुरुषांत ५९, ६६, ७४, ८३ किलो असे वजनगट असतात. ५९ किलोच्या पोराला १०५ किलोच्या गड्यासमोर उभे करत नाहीत. म्हणून कोणी ‘गुणवत्ता मेली’ असे ओरडत नाही. बार तोच २० किलोचा, नियम तेच, पंच तेच. फक्त तुलना न्याय्य केलेली. हाच न्याय शिक्षणात आणि नोकरीत मागितला की मात्र मेरिटची आठवण येते. तिथेही पदवीची परीक्षा सर्वांना तीच असते. शरीराचे वजन निसर्गाने दिलेले असते, जातीचे ओझे माणसाने लादलेले आहे. म्हणजे आरक्षणाची बाजू वजनगटापेक्षाही पक्की आहे. पुढच्या वेळी जिममध्ये कोणी आरक्षणावरून टोमणा मारला तर त्याला भिंतीवरचा वजनगटांचा तक्ता दाखवा.

लोखंड जात विचारत नाही, हे वाक्य आम्हालाही आवडते. पण ते अर्धेच खरे आहे. लोखंड विचारत नसेल, ताट विचारते. ताकदीचा सराव करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे साधारण दीड ग्रॅमहून थोडे अधिक प्रथिन लागते. ५९ किलोच्या पोराला रोज नव्वद ग्रॅमच्या पुढे. एका अंड्यात सहा ग्रॅम असते. रोजंदारीच्या घरात हे आणायचे कुठून? गरिबांचे स्वस्त प्रथिन होते बैलाचे मांस. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि ते ताटातून गेले. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते. जानेवारी २०२५ च्या निर्णयाने त्याचे सरकारी पैसे थांबले, लोकसहभागातून जमवा असे शाळांना सांगितले गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले खुजी आढळली. पुढे हीच मुले मोठी होऊन भरतीच्या मैदानावर आणि स्पर्धेच्या फळीवर उभी राहणार आहेत. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटाचा इतिहास शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये लिहून ठेवला आहे, तो प्रत्येक जिमवाल्या पोराने वाचावा.

आपल्या शिवारात मात्र सोयाबीन उभे असते. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये जवळपास ३६ ग्रॅम प्रथिन असते. लातूरच्या बाजारातून ते तेल गिरण्यांना जाते, पेंड कोंबड्यांना जाते. डब्याबंद महाग पावडरच्या मागे लागण्याआधी सोयाबीन वडी, हरभरा, शेंगदाणे, अंडी हा हिशेब मांडा. तो परवडतो.

स्पर्धेला उतरणाऱ्यांना आमचे चार शब्द. तयारीला निदान तीन महिने द्या. वजन हळूहळू वाढवा, आवर्तने कमी करत न्या, शेवटचा आठवडा हलका ठेवा. पहिली उचल अशी निवडा की वाईट दिवशीही निघेल. वजनगटासाठी पाणी तोडून उपाशी राहू नका. इंजेक्शन देणारा ‘भाऊ’ तुमचा भाऊ नव्हे. या खेळात संघटना एकाहून अधिक आहेत. राज्यात खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रत्येक प्रमाणपत्र त्यात चालत नाही. प्रवेश फी भरण्याआधी शासन निर्णय वाचा. महाविद्यालयात असाल तर आधी क्रीडा शिक्षकांना गाठा आणि विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची चौकशी करा.

आणि एक इशारा. कमावलेल्या दंडांवर पहिला डोळा पुढाऱ्यांचा असतो. निवडणुकीत मागे उभे राहायला, मिरवणुकीत दम द्यायला त्यांना अशीच पोरे लागतात. पोती वाहणे सोडून पुढारी वाहू लागलो तर बदलले काय? १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत पोचीराम कांबळेंना जाळले गेले, हे नांदेड-लातूरच्या पोरांनी विसरू नये. आपली ताकद सूड घेण्यासाठी नाही. कोणी हात उगारण्याआधी त्याला विचार करावा लागावा आणि आपल्याला कायद्याची लढाई ताठ मानेने लढता यावी, यासाठी ती आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या १४ एप्रिलला डीजेच्या भाड्यातला काही भाग बाजूला काढा. त्यातून विहाराशेजारी एक बार, काही प्लेटा, एक स्क्वॉट स्टँड घ्या. शेजारच्या खोलीत अभ्यासिका असू द्या. सकाळची एक वेळ मुलींसाठी राखून ठेवा. महिलांचा वजनगट ४७ किलोपासून सुरू होतो आणि डोक्यावर हंडे वाहणाऱ्या आपल्या मुलींना वजनाची ओळख करून द्यावी लागणार नाही. त्यांना फक्त जागा द्यावी लागेल. ती देणार आहोत का, हे आपल्या मंडळांनी ठरवायचे आहे.

जय भीम!