भरपाईचा कायदा आणि तोरणमाळचा श्रमिक

तोरणमाळ म्हटले की शहरी मध्यमवर्गाला यशवंत तलाव, सीताखाई आणि महाशिवरात्रीची गोरक्षनाथांची यात्रा आठवते. परंतु दिवाळी सरली की सातपुड्याच्या याच पाड्यांतून वनवासी बांधव मुकादमाची उचल घेऊन खाली उतरतात; कोणी सुरत-बारडोलीच्या पट्ट्यात ऊसतोडीला, कोणी शहरांतील बांधकामांवर. त्यांपैकी एखादा परांचीवरून कोसळला, तर त्याच्या कुटुंबाच्या पदरी काय पडते?

कायदा कागदावर मुळीच कृपण नाही. इंग्रजी अमदानीतील 1923 चा भरपाई कायदा 2009 साली सुधारला गेला. मृत्यूची किमान भरपाई 80 हजारांवरून 1 लाख 20 हजार झाली. हिशेबात धरावयाच्या मासिक वेतनाची मर्यादा 2020 साली 8 हजारांवरून 15 हजारांवर नेण्यात आली. त्यामुळे तिशीतील कामगाराच्या मृत्यूबद्दल पूर्वी जास्तीत जास्त 8 लाख 31 हजार 920 रुपये मिळत, ते 15 लाख 59 हजार 850 झाले. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि घरून कामावर जाता-येताना होणारा अपघातही, कामाशी संबंध असल्यास, भरपाईच्या कक्षेत आला. भारतीय मजदूर संघाने या संहितेचे स्वागत केले, मात्र औद्योगिक संबंध संहितेवरील आक्षेप लपविले नाहीत. हा विवेक दत्तोपंत ठेंगडींच्या परंपरेला साजेसाच होय.

खरी मेख पुराव्यात आहे. भरपाई वेतनावर ठरते आणि उचलीवर राबणाऱ्याचे वेतन कोठे लिहिलेले असते? काही मुकादमाच्या वहीत, बाकी तोंडी. अपघात झाला की मुकादम हात वर करतो आणि मालक म्हणतो, हा माणूस आमचा नव्हेच. वास्तविक ठेकेदारामार्फत आपल्या धंद्याचे काम करून घेणारा मूळ मालकही भरपाईस बांधील आहे, हे तत्त्व शतकभर जुने आहे. पाड्यावर ते कधी पोहोचलेच नाही! तेथे पोहोचतात त्या चार नोटा आणि अंगठ्यासाठी पुढे केलेला कागद. त्या कागदाची किंमत शून्य आहे. मृत्यूची भरपाई अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने भरपाईच नव्हे, आणि हक्क सोडल्याचा करारही रद्दबातल.

तेव्हा नुसती रक्कम वाढविणारी सुधारणा अर्धीच म्हणावी लागेल. मजूर जिल्ह्याबाहेर नेणाऱ्या प्रत्येक मुकादमाने निघण्यापूर्वीच नाव, मजुरी आणि मूळ मालक यांची लेखी नोंद द्यावी, अशी सक्ती शासनाने केली पाहिजे. तोवर हे काम कार्यकर्त्यांचे आहे. टोळी निघताना मुकादमाचे नाव, वाहनाचा क्रमांक, कामाचे ठिकाण एका वहीत टिपून ठेवणे अवघड नाही. दाव्यासाठी गुजरातचे उंबरे झिजवण्याचेही कारण नाही. कुटुंब राहते तेथील अधिकाऱ्याकडे तो दाखल करता येतो. मुदत मात्र 2 वर्षांची आहे.