ताईंसाठी वहीत एक नाव लिहा

आमच्या आगारातल्या वाहक ताईंना जाऊन येत्या रविवारी वर्ष होईल. घरच्यांच्या इच्छेमुळे त्यांचं नाव इथे छापत नाही. घाटाखालच्या गावांना ते सांगायची गरजही नाही. ‘मुक्कामाच्या गाडीवरच्या ताई’ म्हटलं की पुरे.

सुट्ट्या पैशांवरून त्यांच्या गाडीत कधी भांडण झालं नाही. घरून चिल्लर आणायच्या, ड्युटीवर चढण्याआधी तिची रीतसर नोंद करायच्या. परळच्या गाडीवर असल्या की टाटा रुग्णालयात निघालेले पेशंट त्यांना फाइलवरूनच ओळखू यायचे. त्यांना पुढच्या बाजूला, खिडकीशी बसवायच्या. केमो घेऊन परतणाऱ्याला घाटात उलटी होते, म्हणून तिकिटाच्या बॅगेत प्लास्टिकच्या पिशव्या घडी करून ठेवलेल्या असायच्या. मशीनमधून सवलतीचं तिकीट काढून देताना चालकाला हाक मारायच्या, “दादा, गतिरोधकावर जरा सांभाळून.”

मग एक दिवस त्याच गाडीत, त्याच सीटवर त्या स्वतः फाइल घेऊन बसल्या.

आधी हिरड्यांतून रक्त यायचं. दंडावर काळेनिळे डाग दिसायचे. गर्दीत कुठे तरी आपटलं असेल, असं त्या म्हणाल्या आणि आम्हीही मान डोलावली. ताप हटेना, तेव्हा रक्त तपासलं. ब्लड कॅन्सर निघाला.

या आजारात केमो सुरू झाली की रक्तातल्या प्लेटलेट घसरतात. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात. ताईंच्या दहा हजारांच्या खाली गेल्या. अशा वेळी आतून रक्तस्राव होऊ शकतो, बाहेरून प्लेटलेट द्याव्याच लागतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ऐन दिवाळीत त्यांना पिशवी हवी होती, तेव्हा आमच्यातले निम्मे लोक जादा गाड्यांवर होते आणि निम्मे गावी. ताईंचा भाऊ जिन्यात बसून मोबाइलमधल्या एकेका नावाला फोन लावत होता. दाता मिळाला, पण संध्याकाळ झाली. त्या उशिरामुळे ताई गेल्या असं आम्ही म्हणत नाही, आजारच भारी होता. पण तो दिवस त्या भावाला बहिणीजवळ बसून काढता आला असता, ही खंत आमच्या मनातून जात नाही.

साधं रक्त महिनाभर टिकतं, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. म्हणजे शिबिर भरवून साठा करून ठेवता येत नाही. साठवायची ती देणाऱ्यांची नावं. आगारात जशी स्पेअर ड्युटी लागते, तशी रोज दोघांची पाळी लावायचं आम्ही ठरवलं आहे. मुंबईत जिथून निरोप येईल तिथे त्या दिवशीच्या दोघांनी जायचं. नेण्याआणण्याची सोय आम्ही पाहू.

यासाठी आमचे कर्मचारी पुरणार नाहीत. कॉलेजची मुलं, शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, सगळे हवे आहेत. वय 18 ते 60, वजन 50 किलोच्या वर आणि तब्येत ठणठणीत असावी. आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. उपाशीपोटी जाऊ नये. हातातून रक्त मशीनमध्ये जातं, प्लेटलेट वेगळ्या होतात आणि उरलेलं रक्त परत शरीरात येतं. तास-दीड तास लागतो. मी पहिल्यांदा दिल्या तेव्हा ओठांना मुंग्या आल्या आणि घाबरलो. नर्सबाईंनी कॅल्शियमची गोळी दिली, पाच मिनिटांत बरं वाटलं. गेलेल्या प्लेटलेट दोन-तीन दिवसांत भरून येतात. चालक बांधवांनी मात्र साप्ताहिक सुट्टीलाच द्याव्यात, परतीची गाडी हाती असताना नको.

ताईंच्या फोटोसाठी हार, फुलं आणू नका. चौकशी खिडकीवर लाल पुठ्ठ्याची वही ठेवली आहे. नाव, रक्तगट, मोबाइल नंबर आणि आठवड्यातला कोणता दिवस जमेल, एवढं लिहा. रक्तगट ठाऊक नसेल तर जागा मोकळी सोडा, तपासून घेऊ. पहिल्या पानावर आमची नावं आहेत, सर्वांत वर ताईंच्या भावाचं. सकाळच्या पहिल्या गाडीपासून मुक्कामाची गाडी सुटेपर्यंत खिडकी उघडी असते.

– आगारातील सर्व चालक, वाहक आणि कार्यशाळा कर्मचारी यांच्या वतीने, ताईंचा एक सहकारी