टीव्हीखालची पेटी : शोभेची की हवेची?

हल्ली आपल्या मोहल्ल्यांतील बऱ्याच घरांत टीव्हीला कॉम्प्युटर जोडण्याची हौस दिसू लागली आहे. मोठा टीव्ही भिंतीवर असतोच. त्याला एचडीएमआय वायरने एक कॉम्प्युटर जोडला, की जुन्या लग्नांच्या कॅसेटी, हजच्या सफरीचे व्हिडिओ, उलेमांची बयाने, मुशायरे, मुलांचे पाठ हे सर्व एका जागी जमा राहते आणि घरातील लहानथोर एकत्र बसून पाहू शकतात. यालाच होम थिएटर पीसी म्हणतात. ज्यांना फक्त यूट्यूब पाहायचे आहे त्यांनी या भानगडीत पडू नये, त्यांना टीव्हीच्या मागे लावायची छोटी स्टिक पुरे. पण ज्यांच्याजवळ स्वतःचा जपून ठेवलेला ठेवा आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे, आणि तेही फक्त या कॉम्प्युटरच्या पेटीबद्दल.

या पेटीला दुकानदार कॅबिनेट म्हणतात. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी वर्तमानपत्रातील कॅबिनेट म्हणजे मंत्र्यांची बैठक, एवढेच मला ठाऊक होते. दुकानातील पोराने प्रथम ‘चाचा, कॅबिनेट कोणतं टाकू?’ असे विचारले तेव्हा मला हसू आले होते. निवडताना चूक मात्र दोन्हीकडे सारखीच होते.

माझी चूक २०१८ सालची. भाच्याने कॉम्प्युटर जुळवून देण्याचे कबूल केले आणि आम्ही दोघे एका दुकानात गेलो. तेथे काळ्या रंगाची, चार बोटे जाडीची, समोरून आरशासारखी चमकणारी पेटी होती. ‘मामू, टीव्हीखाली शोभून दिसेल,’ असे भाचा म्हणाला. मलाही ती आवडली. घरी आणून आम्ही ती शोकेसमध्ये, सरकत्या काचेच्या आत ठेवली. हिवाळा चांगला गेला. मे महिन्यात नंदुरबारचा पारा ४२-४३ वर गेला आणि एके रात्री इशानंतर मशीन बंद पडले. हार्ड डिस्क गेली होती. तिच्यात मरहूम अब्बांचा आवाज होता. जुन्या कॅसेटींवरून मोठ्या खटपटीने उतरवलेली, घरच्या ईदच्या बैठकीतली त्यांची बोलणी होती. सुरतेहून गाठी कशा येत, उधारी कोणाकडे अडकली, दुकान कसे उभे राहिले, असे सर्व त्यात होते. उतरवून झाल्यावर बुरशी लागलेल्या कॅसेटी आम्ही टाकून दिल्या होत्या. दुसरी प्रत केली नाही हा दोष माझा, तो पेटीवर टाकता येणार नाही. पण डिस्क भाजली ती पेटीत आणि शोकेसमध्ये, हेही तितकेच खरे.

हिशोब साधा आहे. हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या साधारण ६० अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा देतात. आपल्याकडे मे महिन्यात घरातच ३८-४० अंश असतात. त्यात चारही बाजूंनी बंद शोकेस, शोकेसच्या आत पातळ पेटी, आणि पेटीच्या आत डिस्कची व प्रोसेसरची स्वतःची गरमी. मर्यादा गाठायला उरते काय? परदेशी मासिकांत ज्या सडपातळ पेट्यांची तारीफ छापून येते, त्या थंड मुलखातल्या दिवाणखान्यासाठी बनवलेल्या असतात. आपण त्या तापीच्या खोऱ्यात आणून ठेवतो.

ही गोष्ट कॉम्प्युटर विकणाऱ्यापेक्षा कूलर बनवणाऱ्या कारीगराला लवकर समजते. खान्देशात पत्र्याचे कूलर बनवणारे आपले कितीतरी भाई आहेत. कूलरला तीन बाजूंनी हवा घ्यावी लागते आणि खोलीची खिडकी उघडी नसेल तर कूलर निकामी, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. कॅबिनेटचे शास्त्रही एवढेच आहे. एका बाजूने थंड हवा आत आली पाहिजे, दुसऱ्या बाजूने गरम हवा बाहेर गेली पाहिजे, आणि मध्ये वायरींचा गुंता नसावा. (कूलरचा ओला झोत मात्र कॉम्प्युटरवर येऊ देऊ नये.)

आता निवडीकडे येतो. कापड आपण अंगठा आणि बोटात धरून पाहतो, वरच्या छापावर जात नाही. कॅबिनेटही तसेच पाहावे. पत्रा दाबून पाहावा. दबला आणि टणकन आवाज झाला तर पंखा फिरू लागल्यावर तो रात्रभर थरथरणार. समोर काच असेल तर हवा कोठून शिरते ते विचारावे, जाळी असेल तर ती उत्तम. पंखा १२० मिलिमीटरचा बसला पाहिजे. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा देतो आणि आवाज कमी करतो. लहान पंखा तेवढ्याच हवेसाठी किंचाळतो. टीव्हीवर हळू आवाजात बयान ऐकताना हा फरक कळतो.

धुळीचे आपले दुखणे वेगळे आहे. नंदुरबारची मिरची बाजारपेठ राज्यात नावाजलेली आहे, आणि मोसमात शहराबाहेर मिरचीच्या पथारी पसरतात तेव्हा हवेत काय असते ते येथे राहणाऱ्यास सांगायला नको. शिवाय आपल्यापैकी अनेकांचे खाली दुकान आणि वर घर. थान फाडताना उडणारी रुई वरपर्यंत जाते आणि पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखी बसते. म्हणून हवा आत घेणाऱ्या प्रत्येक तोंडावर बाहेर ओढून काढता येईल अशी जाळी पाहिजे. मी ती महिन्यातून एकदा नळाखाली धुतो व पूर्ण वाळवून परत लावतो. जी जाळी काढायला स्क्रू ड्रायव्हर लागतो ती कोणी धूत नाही, हा माझा अनुभव आहे.

एक मुद्दा दुकानदार सांगत नाहीत, तो एसएमपीएसचा. अतिपातळ पेटीत एसएफएक्स नावाचा छोटा एसएमपीएस लागतो. फ्रॅक्टल कंपनीची नोड २०२ ही पेटी फक्त ८२ मिलिमीटर जाड आहे, दिसायला सुरेख. पण तिच्यात हाच छोटा एसएमपीएस आणि फक्त अडीच इंची डिस्क बसते. आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होऊन एसएमपीएस उडणे ही नेहमीची बाब आहे. साधा एटीएक्स एसएमपीएस गावातील दुकानात हातोहात मिळतो, छोट्यासाठी सुरत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे तोंड करावे लागते. म्हणून माझे मत, आडवी पण जरा उंच पेटी घ्यावी. सिल्वरस्टोन कंपनीची जीडी ०९ या धर्तीची आहे: ४४० मिलिमीटर रुंद, १७० उंच, ३५८ खोल. तिच्यात साधा एसएमपीएस, मोठा बोर्ड आणि साडेतीन इंची डिस्क सर्व बसते. ती महाग वाटली तर साधे जाळीचे छोटे उभे कॅबिनेट टीव्हीच्या बाजूला जमिनीपासून थोडे वर ठेवावे. शोभा कमी, पण काम चोख. पेटीसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असते. तो छाप आणि शंभर टक्के कॉटनचा छाप यांत मी फारसा फरक मानत नाही.

आणि रंगीत दिव्यांच्या, काचेच्या पेट्या व्याजी हप्त्यांवर घेणारी आपली पोरे पाहिली की वाईट वाटते. बोर्ड आणि प्रोसेसर पाच-सहा वर्षांत जुने होतात, चांगली पेटी दोन-तीन बोर्ड पाहते. पैसे पत्र्यावर आणि हवेवर गेले तर ती खरेदी, दिव्यांवर गेले तर इस्राफ.

राहिले सुतारकाम. आपल्यातील कारीगरांनी पेटीच बनवावी असे काही मित्र सुचवतात. मला ते पटत नाही. बोर्डाच्या भोकांचे माप केसभर चुकले तर माल परत येतो आणि कारखान्याच्या भावाशी टक्कर देता येत नाही. पण टीव्ही युनिट तर आपलेच सुतार बनवतात, आणि खरा बिघाड तेथे आहे. मी नवीन युनिट करायला दिले तेव्हा उस्ताद म्हणाले, ‘शेठ, मागे प्लाय मारला नाही तर झुरळं शिरतील.’ मी म्हटले, प्लायऐवजी बारीक तारेची जाळी मारा. त्यांनी क्षणभर विचार केला आणि तसे केले. जीडी ०९ ची खोली चौदा इंच भरते, मागे वायरींना दोन-तीन इंच लागतात. म्हणजे कप्पा सतरा इंच खोल हवा. नेहमीचा पंधरा-सोळा इंची कप्पा अपुरा पडतो आणि मग वायर मुडपून एचडीएमआयचे तोंड सैल होते. उंची नऊ-दहा इंच ठेवावी, दोन्ही बाजूंना चार-चार बोटे मोकळी, समोर काच नको. घरातील बायका वर विणलेला रुमाल टाकतात. मी कापड विकून पोट भरतो, तरी सांगतो, या पेटीवर कापड टाकू देऊ नका.

आमच्याकडे त्या टाकून दिलेल्या कॅसेटींपैकी नसलेली एक कॅसेट पुढे बहिणीकडे सापडली. तिची आता तीन ठिकाणी प्रत आहे, आणि उस्ताद हल्ली गिऱ्हाइकाला युनिटचे माप घेण्याआधीच विचारतात, पेटी किती इंचाची आहे म्हणून.