स्पेन गेला, आश्रय गेला



गेल्या वर्षी एका परिषदेच्या निमित्ताने फ्लोरिडात जाणे झाले. शेवटचा दिवस मोकळा होता, म्हणून आम्ही सहकुटुंब सेंट ऑगस्टीनला गेलो. १५६५ साली स्पॅनिशांनी वसवलेले हे गाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. किनाऱ्यावर कास्तियो दे सान मार्कोस हा किल्ला आहे. जंजिरा-सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला तो लहानच वाटतो, पण त्याचा दगड विलक्षण आहे. त्याला कोकिना म्हणतात. शिंपल्यांचे तुकडे एकमेकांना चिकटून तयार झालेला, सच्छिद्र दगड. तोफगोळा लागला की भिंत तडकत नाही, गोळा आत रुतून बसतो. १७०२ आणि १७४० असे इंग्रजांचे दोन वेढे या दगडाने पचवले. मी मूळचा पदार्थविज्ञानाचा, त्यामुळे भिंतीपाशीच अर्धा तास रेंगाळलो आणि बायकोची बोलणी खाल्ली.

हा किल्ला लढून कोणालाच घेता आला नाही. तरी स्पेनची सत्ता गेलीच. आमच्या गाइडने ते एका वाक्यात उरकले : स्पेन दुबळा झाला आणि फ्लोरिडा अमेरिकेला मिळाले. त्यावर आमच्या मुलाने विचारले, "म्हणजे तेव्हा फ्लोरिडा स्वतंत्र झाले ना?" मी हो म्हणणारच होतो. वसई १७३९, गोवा १९६१ असे पाठ करत वाढलेली आपली पिढी. युरोपातली सत्ता गेली की पेढे वाटायचे, एवढे आपल्या अंगवळणी पडले आहे.

पण किल्ल्यापासून दोनच मैलांवर, उत्तरेला, फोर्ट मोसे आहे. तिथली हकीकत कळल्यावर पेढ्यांचा विचार मागे पडतो.

१६७० मध्ये इंग्रजांनी कॅरोलायनात चार्ल्स टाउन वसवले आणि तिथे आफ्रिकी गुलामांच्या श्रमावर शेती उभी राहिली. १६८७ साली आठ पुरुष, दोन स्त्रिया आणि तीन वर्षांचे एक मूल तिथून होडीने पळून सेंट ऑगस्टीनला पोचले. इंग्रजांनी 'आमचा माल परत द्या' म्हणून तगादा लावला. स्पॅनिशांनी दिला नाही. १६९३ मध्ये स्पेनच्या राजाने फर्मान काढले की पळून येऊन कॅथलिक धर्म स्वीकारणाऱ्यांना मुक्ती मिळेल. १७३८ मध्ये गव्हर्नर मोन्तियानो यांनी अशा लोकांसाठी मोसेची गढी आणि वस्ती उभारली. आज जी अमेरिकेची भूमी आहे तिच्यावरची, मुक्त कृष्णवर्णीयांची ही पहिली कायदेशीर वसाहत. तिथल्या मिलिशियाचा कप्तान फ्रान्सिस्को मेनेन्देझ हा स्वतः कॅरोलायनातून पळून आलेला आफ्रिकी. १७४० च्या वेढ्यात इंग्रजांनी मोसे घेतले. याच लोकांनी स्पॅनिश सैनिक आणि स्थानिक आदिवासींच्या साथीने पहाटे छापा घालून ते परत घेतले.

स्पेनला दयेचा पाझर फुटला होता, असे मी म्हणत नाही. शत्रूची मजूरशक्ती पळवायची आणि सरहद्दीवर फुकटचे, जिवावर उदार झालेले शिपाई मिळवायचे, हा सरळ हिशेब होता. त्याच स्पेनच्या राज्यात पुढे क्युबाच्या उसाच्या मळ्यांत गुलामांची भरती वाढतच गेली. फ्लोरिडातले तिमुकुआ आदिवासी मिशनच्या सावलीत, साथींनी आणि कॅरोलायनाकडून होणाऱ्या गुलामांच्या धाडींनी संपले. पण स्पॅनिश कायद्यात गुलामाला न्यायालयात जाता येई, मालमत्ता करता येई, किंमत चुकवून मुक्त होता येई. भिंतीत अशी एक फट होती, आणि पळणाऱ्यांना ती नेमकी ठाऊक होती.

पुढे ही फट बुजत गेली, ती तोफांपेक्षा कागदांनी. १७६३ च्या तहात फ्लोरिडा ब्रिटिशांकडे गेले आणि मोसेचे लोक स्पॅनिशांबरोबर क्युबाला निघून गेले. १७८३ च्या तहाने ते परत स्पेनकडे आले, पण आता शेजारी नवे अमेरिकी प्रजासत्ताक होते. १७९० मध्ये त्याच्या दबावाखाली स्पेनने पळून येणाऱ्यांना आश्रय देणे बंद केले. तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते थॉमस जेफरसन. सर्व माणसे समान आहेत असे लिहिणारे तेच. १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनच गिळला, १८१० मध्ये मेक्सिकोत बंड झाले आणि तिकडून येणाऱ्या ज्या पैशावर फ्लोरिडाचा कारभार चाले तो आटला.

१८१२ मध्ये जॉर्जियाकडून 'देशभक्त' म्हणवणारे लोक अमेरिकी फौजेच्या पाठबळावर पूर्व फ्लोरिडात घुसले. त्यांना रोखले ते मुख्यतः कृष्णवर्णीय मिलिशिया आणि सेमिनोल यांनी. अ‍ॅना किंग्सली ही सेनेगलमधून गुलाम म्हणून आणलेली, १८११ मध्ये मुक्त झालेली स्त्री. आपले घर या देशभक्तांच्या हाती पडू नये म्हणून तिने ते स्वतः पेटवून दिले. स्पॅनिश सरकारने तिला बक्षीस म्हणून जमीन दिली. तिच्याकडेही गुलाम होते, हे सांगितलेच पाहिजे. इतिहास आपल्या सोयीचा नसतो.

१८१६ च्या जुलैत अमेरिकी गनबोटीने अ‍ॅपलाचिकोला नदीवरच्या, स्पेनच्या हद्दीतल्या एका किल्ल्यावर लाल तापवलेला गोळा डागला. तो दारूच्या कोठारात पडला. आतले बहुतेक जण ठार झाले, त्यांत बायकामुले होती. ब्रिटिश सोडून गेल्यावर हा किल्ला पळून आलेल्या गुलामांच्या ताब्यात होता, एवढाच त्यांचा गुन्हा. १८१८ मध्ये अँड्र्यू जॅक्सनने सैन्यासह येऊन सेंट मार्क्स आणि पेन्साकोला घेतले. स्पेनने निषेध नोंदवला. हाती दुसरे काय होते? २२ फेब्रुवारी १८१९ ला तह झाला. अमेरिकेने स्पेनला रोख काही दिले नाही. आपल्याच नागरिकांचे स्पेनवरचे ५० लाख डॉलरपर्यंतचे दावे फेडायचे कबूल केले. तहात लिहिले होते की रहिवाशांना अमेरिकी नागरिकांचे सर्व हक्क मिळतील. १८२१ मध्ये सत्तांतर झाले आणि नव्या प्रदेशाच्या कायद्यांनी मुक्त कृष्णवर्णीयांवर एकेक निर्बंध लादले. 'रहिवासी' या शब्दात ते बसलेच नाहीत. अ‍ॅना किंग्सलीचे कुटुंब १८३० च्या दशकात हैतीला गेले. १८४५ मध्ये फ्लोरिडा राज्य झाले, ते गुलामगिरीचे राज्य म्हणून.

म्हणून मला वाटते, 'वसाहतवादी सत्तेचा अस्त' हे शब्द आपण फार बेफिकिरीने वापरतो. सत्ता कोणाची गेली हे विचारतो. सरहद्दीवर तिच्या आधाराने कोण उभे होते, हे विचारत नाही. मोसेच्या लोकांपुढे स्वातंत्र्य की गुलामी असा प्रश्न नव्हता. कोणत्या साम्राज्याचा कायदा कमी घट्ट आहे, एवढाच होता. व्हिसाच्या कागदावर आयुष्य टांगून परक्या देशात राहणाऱ्या आपल्याला हे खरे तर चटकन कळायला हवे. अर्थात आपण होडीतून आलो नाही, विमानातून आलो.

संध्याकाळी फोर्ट मोसेला गेलो. जुन्या जागेवर आता खाजण आहे. तिथे मुलाला हे सगळे जमेल तसे सांगितले. १८२१ मध्ये मुक्त कृष्णवर्णीयांपैकी कित्येक जण स्पॅनिशांबरोबर पुन्हा क्युबाच्या जहाजात बसले, हेही सांगितले.

"पण क्युबात तर गुलाम होते ना?"

होते, १८८६ पर्यंत.